टर्बो बदलायच्या आधी: १.३ डिझेलचा पिकअप का जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ ची सेडान, १.३ लिटर डिझेल, ९० पीएसवालं इंजिन, १ लाख १८ हजार किमी. रोज ठाणे ते लोअर परळ आणि अधूनमधून नाशिक. कसारा घाटात ओव्हरटेक करताना गाडी एकदम बसली, आरपीएम २५०० च्या वर जाईना, चेक इंजिनचा दिवा लागला. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली तर परत नॉर्मल. तेव्हापासून हे अधूनमधून होतंय, रेस दिली की काळा धूर, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन सेकंद खडखड. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, टर्बो गेला, ४५ हजार. बदलू का, आणि दहा वर्षं झालेल्या गाडीवर एवढे पैसे घालावेत का?

आत्ता बदलू नका. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, पिकअप त्याच्यावर असतो. तुमच्याच प्रश्नात अर्धं उत्तर आहे. चावी बंद-चालू केल्यावर गाडी नॉर्मल होते म्हणताय ना, मग गेलेला टर्बो चावी फिरवून जिवंत होत नाही. ज्याची शाफ्ट तुटली किंवा बेअरिंग खलास झालं तो तसाच राहतो, वर निळा धूर मारतो, तेल खातो आणि रेस दिली की अँब्युलन्ससारखा ओरडतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुमची गाडी लिंप मोडमध्ये जातेय, म्हणजे ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) टर्बोचं प्रेशर मागितल्यापेक्षा कमी किंवा जास्त दिसलं आणि त्याने इंजिन वाचवायला ताकद कापली. ते का झालं हे शोधायचंय, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा टर्बोपेक्षा खूप स्वस्त असतात.

आधी इंजिन ओळखून घ्या. हे फियाटचं १.३ मल्टिजेट, २००३ पासून पोलंडमध्ये बनायला लागलं, आणि आपल्याकडे मानेसरला आणि पुण्याजवळच्या रांजणगावला. मारुतीत त्याला डीडीआयएस म्हणायचे, टाटात क्वाड्राजेट, इतक्या कंपन्यांच्या बोनेटखाली बसलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. २००५ ला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयरमध्ये १ ते १.४ लिटरच्या गटात हेच पहिलं होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस६ (धुराचे कडक नियम) आलं आणि आपल्याकडे ते थांबलं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन. या चेनकडे नंतर येतो. कॉमन रेल सिस्टीम, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून (रेल) डिझेल, आणि एकाच स्ट्रोकला डिझेल थोडं थोडं करून पाच वेळापर्यंत मारता येतं, म्हणून तर नाव मल्टिजेट, आणि म्हणूनच जुन्या डिझेलसारखं ते ठोकत नाही.

याचे दोन अवतार आहेत आणि इथेच पार्ट घेताना घोळ होतात. ७५ पीएस ताकद, १९० एनएम टॉर्कवाल्याला साधा फिक्स्ड जॉमेट्री टर्बो (आत हलत्या पात्या नाहीत), तर ९० पीएस, २०० एनएमवाल्याला (फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत २०९) व्हीजीटी (हलत्या पात्यांचा टर्बो) आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी). टर्बो, पाईप, ईसीयूचा प्रोग्राम सगळं वेगळं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कोणी सांगितलं की "१.३ चाच आहे, बसून जाईल" तर तिथून निघा. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढायचा, मगच पैसे काढायचे.

तुमचा व्हीजीटी आहे. यात टर्बाईनच्या भोवती छोट्या पात्या असतात आणि त्या फिरतात. आरपीएम कमी असताना पात्या मिटतात, फट बारीक होते, एक्झॉस्टचा गॅस जोरात आदळतो आणि टर्बो लवकर उठतो. आरपीएम वाढला की पात्या उघडतात. त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्युमवर चालतो, व्हॅक्युम किती द्यायचा ते एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) ठरवतो आणि सोलेनॉइडला ईसीयू सांगतो. आता तुमचं रोजचं रनिंग बघा. माजिवडा, मुलुंड टोल, घाटकोपर, सायन, परळ. पहिला-दुसरा गियर, आरपीएम हजार-पंधराशे, पात्या दिवसभर एकाच जागी. एक्झॉस्ट कधी नीट तापतच नाही, त्यामुळे काजळी जळून न जाता पात्यांच्या रिंगवर बसत जाते. शहरात कळत नाही कारण तिथे पात्यांना फारसं हलायचंच नसतं. घाटात तुम्ही तिसऱ्या गियरला पाय दाबला, ईसीयू म्हणतो उघडा, पात्या अडकलेल्या, प्रेशर भसकन वर जातं आणि ईसीयू ताकद कापतो. म्हणून हा आजार कायम घाटात किंवा एक्सप्रेस वेवर उघड होतो, सायनच्या सिग्नलला नाही.

म्हणून पहिलं काम स्कॅनर (ईसीयूला जोडून बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र), आणि नुसता कोड वाचून पुसणारा नाही, लाइव्ह डेटा दाखवणारा. पी-०२३४ आला तर ओव्हरबूस्ट, म्हणजे पात्या मिटलेल्या अवस्थेत अडकतायत हा पहिला संशय. पी-०२९९ आला तर अंडरबूस्ट, म्हणजे हवा कुठेतरी गळतेय, व्हॅक्युम पोचत नाही किंवा पात्या उघड्याच राहतायत. त्या गॅरेजवाल्याने कोणता कोड होता ते सांगितलंय का? नाही सांगितलं तर त्याने अंदाज मारलाय. ४५ हजारांचा अंदाज.

मग चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) रीडिंग बघा. मुंबईत समुद्रसपाटीला ते १००० मिलिबारच्या आसपास दिसलं पाहिजे, लोणावळ्यात चेक केलं तर ९४० च्या जवळ. इथेच आकडा वेडावाकडा असेल तर सेन्सरच काजळीने माखलाय, बाकीच्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. तो काढून हलक्या हाताने साफ करा. आकडा बरोबर असेल तर सकाळी सहाच्या आत ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला गाडी काढा, कोणीतरी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला, तिसरा गियर, १५०० पासून पूर्ण पाय, आणि मागितलेलं प्रेशर नि मिळालेलं प्रेशर असे दोन ग्राफ एकमेकांवर. दोन्ही रेषा सोबत चालल्या पाहिजेत. मिळालेली रेषा आळसात वर आली तर गळती, आधी मागे राहून मग उसळी मारून वर गेली तर पात्या. या एका टेस्टने तुमचा अर्धा प्रश्न सुटतो आणि त्याला टर्बोचा एक बोल्ट पण खोलावा लागत नाही.

गळतीचं म्हणाल तर इंटरकूलरचे रबरी होसपाईप बघा. चीर अशी असते की गाडी उभी असताना मिटलेली आणि प्रेशर आलं की उघडते, त्यामुळे नुसतं डोळ्याने बघून "ठीक आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जॉइंटवर तेलकट धुळीचा थर दिसला तर तिथून हवा जातेय. हवा बाहेर गेली, डिझेल मात्र हिशोबाने पडलं, म्हणून काळा धूर. पाईपाच्या आत हलकं तेल दिसलं तर घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ परत हवेच्या पाईपात सोडणारी नळी) थोडी तेलाची वाफ येतेच, पण पाईप उलटा केल्यावर चमचाभर तेल बाहेर आलं तर मग विचार करायचा.

व्हॅक्युमच्या बारीक नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर, त्यांना या नळ्या आणि वायरिंग भारी आवडतं, पावसाळ्यात तर इंजिन गरम मिळालं की त्यांचं घरच. नळी काही शे रुपयांची पण त्यापायी टर्बो बदललेले लोक मी बघितलेत. हातातला व्हॅक्युम पंप ॲक्च्युएटरला लावायचा, हळूहळू ओढायचा, रॉड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हलला पाहिजे आणि व्हॅक्युम सोडल्यावर झटक्यात परत आला पाहिजे. रॉड सरकतच नसेल आणि पंपाचा काटा पण टिकत नसेल तर ॲक्च्युएटरचा डायफ्राम फाटलाय. काटा टिकतोय पण रॉड अर्ध्यात अडतो, तर पात्या जाम. जाम असतील तरी टर्बो फेकायची गरज नाही, काढून एक्झॉस्टची बाजू खोलून काजळी साफ होते, पात्या झिजलेल्या नसल्या तर छान चालतो. फक्त एक, ॲक्च्युएटरच्या रॉडचा स्टॉप स्क्रू कोणाला फिरवू देऊ नका. ते सेटिंग बेंचवर फ्लो बघून करायचं असतं, अंदाजाने फिरवलं की पिकअपचा खेळ कायमचा बिघडतो.

ईजीआर व्हॉल्व्ह पण याच काजळीचा भाऊ. जळलेला गॅस परत आत पाठवतो, त्यातली काजळी आणि ब्रीदरचं तेल मिळून इनटेकमध्ये डांबर तयार होतं. व्हॉल्व्ह उघडा अडकला की काळा धूर, खालचा पिकअप गायब. काढून साफ करा, नवीन गॅस्केट टाका. त्याला पत्रा मारून बंद करा असं सांगणारे बरेच भेटतील. करू नका. गाडीतून नायट्रोजनच्या ऑक्साईडचा धूर वाढतो, ते कायद्यात बसत नाही आणि प्रोग्राम तसाच असेल तर पी-०४०१ चा दिवा घेऊन फिरायचं.

हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, टर्बोचा इनलेट पाईप काढून शाफ्टला बोटाने हलवून बघायचं. बाजूला किंचित हललं तर चालतं, कारण ती शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते आणि थंड इंजिनला तेवढा गॅप असतोच. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल असं हलता कामा नये, आणि पंखा कव्हरला घासल्याची खूण नको. अशी खूण असेल तर गॅरेजवाला बरोबर, बदला.

पण बदलायची वेळ आलीच तर आधी तो का मेला ते विचारा. ही शाफ्ट दोन लाखांच्या वर आरपीएमने फिरते आणि तिला आधार फक्त तेलाचा. आमच्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे नवीन टर्बो टाकला, तो महिन्यात गेला, परत टाकला, तोही गेला. तेल घेऊन जाणारी बारीक पाईप आतून कार्बनने चोंदलेली, ती कोणी काढून बघितलीच नाही. नवीन टर्बोसोबत तेलाची फीड पाईप नवीन, रिटर्न पाईप साफ, तेल-फिल्टर नवीन, इंटरकूलरमधलं साचलेलं तेल काढलेलं, आणि पहिल्या स्टार्टच्या आधी टर्बोत तेल भरून इंजिन चालू न होऊ देता थोडं क्रँक केलेलं. यातलं काही न करता नुसता टर्बो लावून देणाऱ्याची वॉरंटी कागदावरच असते.

तेलाबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझ्या मते तुमच्या गाडीचा खरा विषय तोच आहे. मॅन्युअलमध्ये १० हजार किमी लिहिलंय आणि तुम्ही इमानदारीत १० हजारला बदलत असाल. पण इंजिनला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. नाशिक हायवेला सरासरी ६० ने चाललात तर १० हजार किमीला १६७ तास होतात. ठाणे-परळ ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ पडली तर तेच १० हजार किमी म्हणजे ६६७ तास. चौपट. तेवढा वेळ ते तेल गरम होतंय, काजळी पितंय, आणि या इंजिनात तेल असतं तरी किती, तीन लिटरच्या आसपास. त्यामुळे मुंबईत चालणाऱ्या या इंजिनाला मी ६-७ हजारला तेल बदलायला सांगतो, नाहीतर वर्षाला, जे आधी येईल ते. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच, ५डब्ल्यू-३० असेल तर ५डब्ल्यू-३०. ड्रममधलं ट्रकचं १५डब्ल्यू-४० "डिझेलच आहे, चालतं" म्हणून ओततात, ते सकाळी थंडीत वर पोचायला वेळ घेतं आणि टर्बो नि चेन दोघांना पहिले काही सेकंद कोरडं चालावं लागतं. डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा. तेल कमी असताना घाट चढणं हा टर्बो मारायचा सगळ्यात सोपा उपाय.

तुमची सकाळची खडखड इथेच जोडलेली आहे आणि मला टर्बोपेक्षा तिची जास्त काळजी वाटते. टायमिंग चेनचा टेन्शनर तेलाच्या प्रेशरवर ताणलेला राहतो. रात्रभर प्रेशर उतरतं, सकाळी ते यायला दोन सेकंद लागतात, तोवर चेन सैल आणि आवाज. बेल्ट नाही चेन आहे म्हणजे जन्मभर बघायला नको असा समज आहे, तो चुकीचा. घाणेरड्या तेलाने चेनच्या पिना झिजतात, चेन लांबते, टेन्शनरची सगळी लांबी संपते, आणि एक दिवस चेन दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटतात. या इंजिनात नशीब बरं असलं तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) तुटून तेवढ्यावर निभावतं, नाहीतर हेड खोला. म्हणून टर्बोला ४५ हजार देण्याआधी चेन, टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट सेट तपासून घ्या. तेल बदलून, योग्य ग्रेडचं टाकून आवाज गेला तर ठीक, राहिला तर वाट बघू नका. आणि सेट टाकताना टायमिंग लॉक करायचे टूल आहेत का हे मिस्त्रीला आधी विचारा, पेनाने खुणा करून चेन बसवणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

इंजेक्टरचं तुमचं काही लक्षण दिसत नाही त्यामुळे पटकन सांगतो. आयडलिंगला रेल प्रेशर २५० ते ३०० बारच्या दरम्यान स्थिर हवं, स्टार्टिंगला वेळ लागत असेल तर रिटर्न टेस्ट करा, चार बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते कळतं. केबिनमध्ये धुराचा वास आणि बोनेटमधून चक-चक आवाज आला तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर लीक, लगेच करा, नाहीतर भोवती असा कार्बन जमतो की इंजेक्टर ओढून काढताना हेडला त्रास. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि पावसाळ्यात खालच्या स्क्रूने पाणी काढून टाका.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर हे ऐकाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या, पण इंजिन जायला तेवढं पाणी लागत नाही. तुमच्या एका सिलिंडरचं माप ३१२ सीसी आणि कॉम्प्रेशन साधारण १७-१८ ला १, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा १८-१९ सीसीच्या आसपास. चहाचे चार चमचे पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे, कुठेही पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, एकदाही नाही. ढकला, टो करा, फिल्टर बॉक्स उघडून बघा ओला आहे का. सेल्फ न मारलेल्या गाड्या बऱ्याचदा साफ करून, तेल बदलून परत रस्त्यावर येतात, मारलेल्यांची बिलं वेगळी असतात, आणि साधा इन्शुरन्स त्यात हात वर करू शकतो. इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर असलेली पॉलिसी आहे का बघून ठेवा.

चालवायची सवय म्हणाल तर आठवड्यातून एकदा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, ईस्टर्न फ्रीवे मिळाला तर एक गियर खाली ठेवून १५-२० मिनिटं २५०० च्या आसपास चालवा. पात्या पूर्ण हलतात, काजळी जळते. थंड इंजिनला रेस देऊ नका. घाट चढून किंवा एक्सप्रेस वेवरून येऊन फूड मॉलला थांबलात तर चावी काढायच्या आधी अर्धा मिनिट आयडलिंगला ठेवा. शहरातल्या रोजच्या पार्किंगला त्याची गरज नाही, गाडी आधीच रांगत आलेली असते, लोक उगाच बिल्डिंगखाली पाच मिनिटं धूर काढत बसतात.

आता पैशांचं. दहा वर्षांनी डिझेल बंद हा नियम दिल्ली-एनसीआरचा, इथला नाही. आपल्याकडे आरसी १५ वर्षांची, त्यानंतर फिटनेस पास करून पाच-पाच वर्षांनी वाढते. म्हणजे तुमच्या गाडीला कागदावर वेळ आहे आणि १ लाख १८ हजार या इंजिनाला फार नाहीत, तेल जपलेली याच्या दुप्पट चाललेली इंजिनं न खोलता फिरतायत. मी तुमच्या जागी असतो तर तेल-फिल्टर, स्कॅनर टेस्ट, होस नि व्हॅक्युम, ईजीआरची सफाई, मग आवाज राहिला तर चेन सेट, या क्रमाने खर्च केला असता.

आणि ही विकून नवीन बीएस६ डिझेल घ्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की त्यात एक्झॉस्टला डीपीएफ येतो. तो काजळी धरून ठेवतो आणि नंतर ६०० डिग्रीच्या आसपास तापवून जाळतो, त्याला सलग १५-२० मिनिटं चालती गाडी लागते. ट्रॅफिकमध्ये ते दर वेळी अर्धवट राहिलं की डीपीएफचा दिवा लागतो, जाळण्यासाठी मारलेलं जादा डिझेल खाली तेलात उतरतं, डिपस्टिकवर तेलाची लेव्हल वाढलेली दिसते आणि पातळ तेलावर परत तोच टर्बो नि तीच चेन. महिन्यातून तीन-चार वेळा नाशिक होत असेल तर बिनधास्त डिझेल घ्या. नुसतं ठाणे-परळ असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी बघा.